कान तुटलेली कॅसेट

व्हिडिओ कॅसेटच्या पाठीवर, जिथे नावाची चिठ्ठी चिकटवतात त्याच्या डाव्या टोकाला, नखाएवढी एक प्लास्टिकची पट्टी असायची. ती शाबूत असली तर कॅसेटवर पुन्हा काहीही भरता येई. पेचकसाने ती मोडून टाकली की मशीन भरून घ्यायला नकार देई. भिलाईच्या पावर हाउस बाजारातल्या ज्या व्हिडिओच्या दुकानात मी कामाला होतो तिथे या पट्टीला आम्ही कान म्हणत असू. नव्या पिक्चरची कॅसेट आली की पहिलं काम तिचा कान तोडायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी कोणी भलतंच बटन दाबलं तरी पिक्चर पुसला जात नसे. मागच्या खोलीतल्या कॅसेटींचे कान मात्र आम्ही कधीच तोडत नसू. वेळ आली तर त्या पुसता आल्या पाहिजेत, असा सेठचा हुकूम होता.

म्हणजे कान तुटलेला असेल तर ती कोणाला तरी जपायची आहे, आणि शाबूत असेल तर कधीही नाकबूल करायची आहे. एवढं मला पाठ होतं. पाठ असूनही मी जे केलं ते केलं, म्हणून हे लिहितो आहे.

आठवीच्या सहामाहीनंतर मी शाळेत गेलो नाही. कारणं तेव्हा मी तीन-चार सांगत असे. खरं म्हणजे गणिताच्या गुरुजींची भीती वाटे, एवढंच. काही वर्षं धानाच्या गिरणीत पोती उचलली, मग तालुक्याला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसलो आणि बाविसाव्या वर्षी भिलाईला आलो. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण तिकडे परत जाऊन दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, त्यामुळे ते अंतर मला फार मोठं वाटे.

ज्यांच्याकडे उतरलो त्यांना मी काकाजी म्हणे. नात्याने ते माझे कोणी नव्हते. आमच्या शेजारच्या गावचे, पोलादाच्या प्लांटमध्ये टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, क्लार्क. सेक्टरमधल्या त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या वऱ्हांड्यात त्यांनी मला खाट टाकून दिली. "आठ-पंधरा दिवस राहाय, मंग पाहू," म्हणाले. मी साडेचार वर्षं राहिलो. त्यांची मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली होती, घरात ते आणि काकू दोघंच. काकू नागपूरच्या, मॅट्रिक झालेल्या, मराठी मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांत पुढे असत.

त्या घरात मला कोणी कधी टोचून बोललं नाही, आणि म्हणूनच मी जास्त घाबरून असे. पंखा मी आपल्या हाताने लावत नसे. दुसऱ्यांदा भात वाढायला काकू आल्या की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघे.

"खाय ना बापा," त्या म्हणत, "कोणी पाहून नाही राहिलं तुले."

पण मला वाटे, कोणीतरी नक्की पाहतंय.

दुकानातलं कामही काकाजींनीच लावून दिलं. सेठकडे स्वतः आले आणि म्हणाले, "मेरे भरोसे पे रखो." परत येताना सायकल हातात धरून चालत होते. थोडं पुढे आल्यावर म्हणाले, "माह्या नावावर राहून राहिला तू, ध्यानात ठेव. आन त्या दुकानात काय काय राह्यते ते मले मालूम आहे. ते घरी नाही आलं पाह्यजे."

"नाही येणार जी," मी म्हटलं. पण यांना कसं मालूम, हा किडा त्याच दिवशी माझ्या डोक्यात शिरला.

दुकानाच्या दर्शनी भागात धार्मिक आणि कौटुंबिक पिक्चर. मागच्या खोलीत पडद्याआड एक लोखंडी कपाट. त्या कॅसेटींवर नाव नसे. मागणाऱ्याने "हेड साफ करने की कैसेट है क्या?" असं विचारायचं, ही खूण. मशीनचं हेड साफ करायची कॅसेट खरोखरच असते, हेही इथे सांगून ठेवतो, कारण एकदा सेक्टरमधले एक निवृत्त मास्तर खरोखरच ती मागायला आले होते. सेठने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्टरजी, आपके लिए?"

"तो और किसके लिए? पंद्रह दिन से तस्वीर में लकीरें आ रही हैं."

"अच्छेवाली दूँ?"

"जो साफ करे वो दो, भाई."

सेठ मागच्या खोलीकडे वळला तेव्हा मी मध्ये पडलो आणि मास्तरांना स्पिरिटची बाटली आणि कापूस दिला. ते सेठला म्हणाले, "आपका लड़का समझदार है." सेठ दिवसभर हसत होता. मी हसलो नाही. म्हातारा एवढा साळसूद कसा, याचाच मी विचार करत होतो. त्या दुकानात माझा स्वभावच तसा झाला होता.

सेठ बरा माणूस होता आणि धंदा त्याला कळे. अगरबत्ती लावताना समोरच्या कपाटाला हात जोडी आणि म्हणे, "दुकान इससे खुलती है." मग अंगठ्याने पाठीमागे खूण करी. "चलती उससे है."

ते खरंच होतं. सुरुवातीला त्याच्याकडे बीटा जातीची मशीन होती. तिची कॅसेट लहान, चित्र जास्त स्वच्छ. पण नागपूर-रायपूरकडून मागच्या खोलीचा जो माल येई तो सगळा मोठ्या कॅसेटीत, व्हीएचएसमध्ये. वर्षभरात बीटा मशीन फळीवर चढली आणि तिच्यावर अगरबत्तीचं घर ठेवलं गेलं. लोकांना सेठ सांगे, पार्ट मिळत नाहीत. कौटुंबिक पिक्चर पाहणाऱ्यांनीही मग मोठ्या कॅसेटीच्याच मशीनी घेतल्या, कारण दुकानात त्याच मिळत. कशासाठी मिळतात हे त्यांनी विचारलं नाही. मुंबईत काय झालं, परदेशात काय झालं, मला ठाऊक नाही. पावर हाउसच्या बाजारात मशीनीची जात अशी ठरली.

नकलेवर नक्कल काढायची सवयही तिथूनच लागली. दोन मशीनी वायरने जोडायच्या, एकीवर चालवायचं, दुसरीवर भरायचं. तिसऱ्या-चौथ्या नकलेला माणसांचे चेहरे धुऊन निघाल्यासारखे होत. पण मागच्या खोलीच्या मालाबद्दल तक्रार घेऊन येणार कोण? सेठच्या ते ध्यानात आलं आणि पुढे समोरच्या पिक्चरांच्याही तसल्याच नकला निघू लागल्या. लोकांना वाटे, व्हिडिओवर असंच दिसतं.

सगळ्यात मोठा फरक मी डोळ्यांनी पाहिला. आधी बारशाला, सत्यनारायणाला मशीन आणि टीव्ही भाड्याने जात, सोबत मी जाई, अंगणात पन्नास माणसं बसत. हळूहळू लोक म्हणायला लागले, नुसती मशीन द्या, माणूस नको. माणूस नको म्हटलं की मी आणि सेठ एकमेकांकडे पाहत असू. मग मी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याऐवजी हाताकडे पाहायला शिकलो. सरळ माणूस कॅसेट अशीच काखेत धरून निघे. दुसरा पेपरात गुंडाळी, पेपर पिशवीत, पिशवी डब्याखाली. परत आलेल्या कॅसेटीची फीतही सांगे. जिथे लोक पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतात तिथे ती चुरगळते. स्मृति नगरातल्या कितीतरी सभ्य माणसांच्या जागा मला माहीत होत्या. मंडळाच्या कार्यक्रमात ते माझ्याकडे पाहत नसत, मी त्यांच्याकडे.

अशात एके दिवशी काकाजींनी विचारलं. रविवार होता, संक्रांतीनंतरचे दिवस, काकू हळदीकुंकवाला स्मृति नगरला जाणार होत्या.

"दुकानातली मशीन दोन घंट्यासाठी आणता येईन काय?"

"येईल जी. पिक्चर कोणता आणू?"

"पिक्चर नोको. नुसती मशीन."

 मी मशीन आणली, टीव्हीला जोडून दिली.

"मी इथंच बसतो जी, अडली-गिडली तं."

"तू जाय. रुआबांध्याले मिस्तरीकडे पाहून ये, पलंगाचा पाय झाला काय."

रुआबांध्याच्या त्या सुताराचं दुकान रविवारी बंद असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी बंद दुकान पाहून परत आलो. दाराला आतून कडी, खिडकीच्या पडद्याला टाचण्या लावलेल्या. थोड्या वेळाने दार उघडलं. काकाजींनी तोंड धुतलं होतं तरी डोळे लाल होते.

"ने आता," म्हणाले. "आन तुह्या काकूले सांगू नोको."

मशीन उचलताना मी काउंटरचे आकडे पाहिले. जाताना मी ते शून्यावर लावून गेलो होतो. आता ते शून्याच्याही मागे गेले होते. म्हणजे कॅसेट मधूनच लावली होती आणि मग मागे नेली होती. ठरलेली जागा असणारे लोकच असं करत. मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून मी दुकानाकडे निघालो.

पुढच्या चार-पाच महिन्यांत असं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा काकू घरी नव्हत्या. मधे एकदा काकूंनी मला ट्रंकेतल्या रजया उन्हात घालायला सांगितल्या. सगळ्यात खालच्या रजईखाली काकाजींच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेली एक काळी कॅसेट होती. नाव नव्हतं. मी ती होती तशी ठेवली आणि त्या दिवसापासून ताटावर बसलो की माझी नजर त्यांच्या तोंडाकडे जाईना. ज्या माणसाने मला वऱ्हांडा दिला, शब्द दिला, त्याच्याबद्दल मला हे माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्याला कळलं तर मी कुठे जाईन, एवढंच मनात फिरे.

मग पावसाळ्याच्या तोंडाशी दुर्गच्या कुठल्याशा दुकानावर धाड पडली. निदान तशी बातमी आली. चहाच्या टपरीवर एक जण शपथेवर सांगत होता, "दुकान में ही नहीं, ग्राहक के घर भी जा रहे हैं. प्लांट का आदमी मिला तो सीधा सस्पेंड." खरं-खोटं कोण पाहतो? सेठने भर दुपारी शटर अर्धं ओढलं.

"सब पोंछ डालो," म्हणाला. "आज के आज."

पुसायची रीत सोपी होती. मशीनला रिकाम्या चॅनलवर लावायचं आणि रेकॉर्डचं बटन दाबायचं. जुन्या चित्रावर नुसत्या मुंग्या भरल्या जात. एक कॅसेट संपेपर्यंत तीन तास. दोन मशीनी, दुसऱ्या दिवशीही काम चालणार होतं. आणि मला एकच दिसत होतं: पोलिस, ट्रंक, रजया, काकूंचा चेहरा. पोलिस दुकानात आले की दुकानातला माणूस राहतो कुठे हे विचारणारच. माझ्या पायाने ते काकाजींच्या घरी जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी ऑफिसला गेले, काकू शेजारी पापड लाटायला. मी ट्रंक उघडली. कॅसेट डब्याच्या पिशवीत घातली आणि दुकानात आलो. मनात भीती होती, पण आज लिहिताना लपवत नाही, थोडा अभिमानही होता. एवढी वर्षं मी त्या घराचं खात आलो होतो. आता पहिल्यांदा माझ्या हातून त्या घराच्या उपयोगी पडणार होतं, आणि तेही न सांगता. काकाजींना एक दिवस मुंग्या दिसतील, ते कोणाला विचारू शकणार नाहीत, आणि नोकरी वाचलेली असेल.

सेठने माझ्या हातातली कॅसेट पाहिली. "यह कौन सी? इसका तो कान टूटा है."

"एक गाहक की है. घबरा गया है बेचारा."

"चिपका दे," तो म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

कान तुटलेल्या भोकावर सेलोटेप लावला की मशीन फसते आणि भरून घेते. मी टेप चिकटवला. तरी पुसण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून चालवून पाहिली. आवाज पूर्ण बंद ठेवला, कारण सेठला ऐकू जायला नको होतं. कॅसेट मधेच कुठेतरी थांबलेली होती. पडद्यावर एक पांढरा झोत, बाकी अंधार. झोतात एक बाई पाठमोरी, लुगडं घट्ट नेसलेली, अंबाड्यावर पांढऱ्या शेवंतीची वेणी. डावा हात कमरेवर. तिने कंबर मुरडली, मान वळवायला लागली, आणि समोरच्या काळोखात माणसांचे हात वर झाले, एकाने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. आवाज नव्हता, पण शिट्टी कळत होती.

मला पुरे झालं. तिचा चेहरा दिसायच्या आत मी बटन दाबलं, कॅसेट पहिल्यापासून लावली आणि रेकॉर्ड सुरू केलं. संध्याकाळी काकू परत यायच्या आधी ती दुपट्ट्यात गुंडाळून पुन्हा रजईखाली गेली होती.

धाड आमच्याकडे आलीच नाही. महिन्याभरात कपाट पुन्हा भरलं.

काकाजींचे वडील आदल्या वर्षी गावी वारले होते. दिवाळीनंतर त्यांचं वर्षश्राद्ध आलं. त्यासाठी काकाजींची थोरली बहीण गावाहून भिलाईला आली. जाड भिंगांचा चष्मा लावलेली, बोलायला खमकी बाई, मी त्यांना आत्याबाई म्हणे. श्राद्धाचं जेवण झालं, आलेली चार माणसं गेली, आणि काकाजी मला म्हणाले, "जाय, मशीन घेऊन ये."



"आता, जी? सगळे आहेत."

"सगळ्यायले दाखवाची आहे."

मी मशीन घेऊन आलो तेव्हा ते काकूंशी बोलत होते. टाइम ऑफिसात मान खाली घालून आकडे लिहिणारा हा माणूस, पण त्या दिवशी सरळ बसला होता.

"तुले मी कधी सांगतलं नाही," ते काकूंना म्हणाले. "बाबा शेती करत, हे खरं. पर मंडईच्या दिवसात ते खडी गंमतीत नाचेत. बाईचं काम करत. पंचक्रोशीत त्यायच्यासारखी बाई कोणाची होत नव्हती."

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री खडी गंमत, म्हणजे उभ्याने चालणारा नाचगाण्याचा खेळ. पुरुषच बाया होतात, चावट बोलणी होतात, लोक शिट्ट्या मारतात आणि सकाळी त्याच माणसाला रामराम करतात. मी त्यातच वाढलो होतो. हे ऐकताना माझ्या हातातली वायर तशीच राहिली.

"मंग सांगतलं कावून नाही?" काकूंनी विचारलं.

"तुमी नागपूरचे शिकलेले लोकं. मंडळात कोणी म्हटलं असतं, नाच्याचा पोरगा. नोकरी लागली तवा मीच बाबाले नाचणं सोडाले लावलं. वीस वर्षं त्यायनं पायाले चाळ नाही बांधले."

"आन आतून किती जळले, ते मले इचार," आत्याबाई म्हणाल्या.

"परवाच्या सालच्या मंडईले म्हणाले, एक डाव नाचू दे. मी गोंदियाहून लग्नाची शूटिंग करणारा आणला. कोणाले सांगतलं नाही. सत्तर वर्षांचा माणूस नाचला. वर्षभरात गेला." ते आत जाऊन दुपट्ट्यातली कॅसेट घेऊन आले. "एकटा पाहत होतो. आता तुमीबी पाहा."

त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ती मशीनमध्ये घातली आणि बटन दाबलं. मुंग्या आल्या. आत्याबाई चष्मा पुसून पुढे सरकल्या.

"येईन आता," काकाजी म्हणाले. "ट्रॅकिंग फिरव."

मी चित्र स्थिर करायची ती ट्रॅकिंगची चकती फिरवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काही येणार नाही हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तरी मी वायरी काढल्या, पुन्हा लावल्या, हेड पुसलं, कॅसेट पुढे नेली, मागे नेली. आत्याबाईंची नजर मुंग्यांवरून हलत नव्हती. एकदा त्या म्हणाल्या, "थे पाहा, हालल्यासारखं दिसते," आणि मीही म्हटलं, "हो जी, येते." इतकं नीच मी आयुष्यात दुसऱ्यांदा वागलो नाही.

शेवटी काकाजी उठले. "पाहू दे," म्हणाले आणि कॅसेट बाहेर काढून उलटी-सुलटी पाहू लागले. टाइम ऑफिसात कोणी हजेरीच्या कागदावर खाडाखोड केली असेल तर बोट फिरवून ओळखणारा माणूस तो. त्यांचा अंगठा पाठीवर, डाव्या टोकाशी थांबला. सेलोटेप मी काढायचाच विसरलो होतो.

अंगठा तिथे दोनदा फिरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मशीनच खराब दिसते," ते बहिणीला म्हणाले. "दुकानात नेऊन दुरुस्त करून आणू."

आत्याबाई दुसऱ्या दिवशी न पाहताच गावी गेल्या. मी पिशवी भरून ठेवली होती. संध्याकाळी मागच्या वऱ्हांड्यात काकाजी आले, खाटेवर बसले आणि पिशवीकडे पाहिलं.

"कुठं चालला?"

"गावाकडे जी."

"बस."

मग त्यांनी सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. धाडीची बातमी, टपरीवरचं बोलणं, काउंटरचे आकडे. त्यांच्याबद्दल मी काय समजलो होतो, तेही सांगितलं. ते ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, "तुह्या मनात हे आलं, आन तू रोज माह्या ताटाशेजारी जेवत होता."

"हो जी."



"पुसाच्या आधी पाह्यली काय?"

"थोडीशी. पाच-सात सेकंद."

"काय दिसलं?"

"बाई, जी. पाठमोरी."

"बाईच वाटली?"

"हो जी. मले तं बाईच वाटली."

ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांचं तोंड थरथरायला लागलं. हसतात की रडतात ते मला कळेना.

"सत्तर वर्षांचा म्हातारा," ते म्हणाले. "आन व्हिडिओच्या दुकानातल्या माणसाले बाई वाटला. पिशवी सोड."

पुढच्या रविवारी ते गोंदियाला जाऊन आले. शूटिंगवाल्याकडे मूळ कॅसेट असेल, अशी आशा होती. त्याने तिच्यावर कधीच कोणाचं तरी लग्न भरून टाकलं होतं. "कोरी कॅसेट भेटते कुठं साहेब," तो म्हणाला, "सगळ्या कॅसेटा व्हिडिओवाले उचलून नेतात. त्यायले नकला काढाच्या राह्यते." हे सांगताना काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण कोणत्या दुकानांत कशाच्या नकला निघतात हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर कधीतरी, विशेषतः मंडईचे दिवस आले की, ते अंगणात येऊन बसत आणि म्हणत, "सांग." मी सांगत असे. पांढरा झोत. शेवंतीची वेणी. डावा हात कमरेवर. मुरडणं. वर झालेले हात, शिट्टी. त्यांनी स्वतः ती कॅसेट तीनदा पाहिली होती, पण म्हणत, दरवेळी डोळ्यांत पाणी येई, नीट कधी दिसलंच नाही. आत्याबाईंनाही त्यांनी एकदा पत्रात ते सगळं लिहून पाठवलं, मी सांगितलं तसं.

एक-दोन वर्षांनी, त्यांना बरं वाटावं म्हणून, मी त्यात भर घातली. चेहरा वळला, म्हटलं, आणि हसला.

काकाजींनी हात वर केला. "हे नव्हतं सांगतलं आधी."

"आता आठवलं जी."

"तू बटन दाबलं होतं. तूच सांगतलं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दुकानात गिऱ्हाइकांकडे पाहत असे. "आपल्या मनचं नोको भरू त्यात. जेवढं पाह्यलं तेवढंच सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि मान वळायला लागली तिथे थांबलो.

पुढे सेठने छतांवरून तारा ओढून घरोघर केबल दिली. बायांना सांगितलं, मालिका दिसतील. पुरुषांना कानात काय सांगितलं ते सांगायला नको. मला त्याने रायपूरला नवीन काम सांभाळायला चल म्हटलं. काकाजी म्हणाले, "जाऊ नोको." मी गेलो नाही. माया होती म्हणून थांबवलं, की त्यांच्या वडिलांचे ते पाच-सात सेकंद माझ्याजवळच उरले होते म्हणून, असा संशय मला तेव्हा आला आणि अजूनही येतो. विचारलं मात्र कधी नाही. त्यांनी मला एवढं ठेवून घेतलं, एवढ्यावर माझं भागत होतं.

ती कॅसेट त्यांनी मलाच देऊन टाकली. सेलोटेप मी काढला आहे. कान तुटलेलाच आहे, त्यामुळे तिच्यावर आता दुसरं काही भरता येत नाही.